आमराईतली रास्ना: मराठवाड्याच्या उन्हात व्हँडा कशी जगवावी

आंब्याच्या फांदीवर पट्टीसारख्या जाड पानांचा झुपका दिसला की लोक त्याला बांडगूळ म्हणून कोयता लावतात. रास्नेवर, म्हणजे व्हँडा टेसेलाटा या आमरीवर (ऑर्किडवर), हा अन्याय आहे. ती झाडाच्या आत मूळ घालत नाही. सालीला नुसती धरून असते आणि पावसाचं पाणी, दव, धूळ यांवर जगते. बांडगुळाला लोंबती मुळं नसतात. रास्नेची राखाडी, बोरूएवढी जाड मुळं बाहेर लोंबताना दिसतात.

मूळची ती कोरड्या पानझडी रानातली, त्यामुळे आपल्या ऊन-पावसाच्या चक्राला सरावलेली. घरी ती मरते ती बहुधा झाकलेल्या मुळांमुळे आणि बोअरच्या पाण्यामुळे.

रोप रोपवाटिकेतूनच घ्या. राखीव वनातून काढणं गुन्हा आहे, शिवाय सालीवरून ओढताना मुळं सोलली जातात आणि असं रोप सहसा तग धरत नाही. घेताना किमान तीन-चार टणक मुळं पाहा.

लावायची वेळ मृग लागल्यावरची. आंबा, मोह किंवा बाभळीचा मनगटाएवढा, खडबडीत सालीचा दोन फुटी ओंडका घ्या. पेरू आणि निलगिरी नको, त्यांची साल सुटते. रोपाचा बुडखा सालीला टेकवून सुतळीने दोन-तीन वेढे द्या. सुतळी कुजेपर्यंत मुळं पकडलेली असतात. लोखंडी तार तापते आणि खोडात रुतते. ओंडका नसेल तर सागाच्या पट्ट्यांची टोपली, तळाशी लाकडी कोळशाचे दीड इंची चार-सहा तुकडे, बस्स. माती, शेणखत, कोकोपीट काहीही घालू नका.

जागा पूर्वेची, सकाळी दहापर्यंत ऊन मिळेल अशी. नंतर पन्नास टक्के ऊन अडवणारी शेडनेट. मार्चच्या मध्यापासून पंच्याहत्तर टक्क्यांची लावा आणि पश्चिमेला ओलं गोणपाट टांगा, कारण उन्हाइतकाच कोरडा वारा मुळांना सुकवतो. पानं गडद हिरवी आणि लुळी पडली तर उजेड कमी आहे, फूल येणार नाही. पानावर पांढरा डाग पडून तो काळा वाळला तर ऊन जास्त झालं.

पाण्याचा हिशोब मुळांच्या रंगावरून करायचा. कोरडं मूळ चंदेरी असतं. पाणी पडताच मिनिटभरात हिरवं होतं. सगळी मुळं हिरवी होईपर्यंत पाणी द्या, मग थांबा. पुन्हा चंदेरी झाल्याशिवाय देऊ नका. पावसाळ्यात तीन-चार दिवस उघडीप असेल तरच, हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा सकाळी. एप्रिल-मेमध्ये रोज दोनदा: सकाळी सातच्या आत आणि पाचच्या सुमारास. संध्याकाळचं पाणी फक्त मुळांवर. पानांच्या बेचक्यात रात्रभर साचलं की शेंडा सडतो. पाइपात तापलेलं पाणी आधी बादलीत वाहून जाऊ द्या.

बोअरच्या क्षारांनी मुळांवर पांढरा थर बसतो आणि वाढतं हिरवं टोक काळं पडतं. पत्र्यावरचं पावसाचं पाणी दोनशे लिटरच्या पिंपात झाकून साठवा. एसीतून ठिबकणारं पाणीही चालतं. आरओचं टाकाऊ पाणी मात्र कधीच नको, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचंही तसंच.

खत जून ते ऑक्टोबर, पंधरा दिवसांनी: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, तेही मुळं आधी ओली करून. कोरड्या मुळांवर मारलं तर टोकं जळतात.

पानं लांबीत दुमडली, सुरकुतली तर लगेच पाणी वाढवू नका, आधी मूळ चिमटीत दाबा. टणक असेल तर तहान आहे. पोकळ, कागदासारखं लागलं तर ते मेलंय. स्वच्छ ब्लेडने कापून टाका, आणि राहिलेली मुळं सावलीत, ओलसर हवेत नवी टोकं फुटेपर्यंत सांभाळा. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब, ऊन उतरल्यावर. वर्षाला खालचं एखादं पान पिवळं पडून गळणं हे नेहमीचंच.

उन्हाळ्यात पानाच्या बेचक्यातून दांडा निघतो. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी, जांभळी-निळी जीभ आणि मंद वास. दांडा निघाला की टोपली फिरवू नका, फुलं वाकडी वळतात.

बी धुळीइतकं बारीक असतं आणि विशिष्ट बुरशीच्या साथीशिवाय रुजत नाही, त्यामुळे घरी पेरण्यात अर्थ नाही. बुडाशी बगलफूट आली तर तिला स्वतःची दोन-तीन इंची तीन मुळं येऊ द्या, मगच कापा आणि कापलेल्या जागेवर हळद दाबा.