माकडतापाची माहिती घेताना या चुका टाळा: काजूबागांतल्या परगावच्या मजुरांना काय विचारावं, कसं विचारावं

ताप घेऊन कुणी आलं की आपण आरोग्य कर्मचारी सगळ्यात आधी विचारतो, "राहणार कुठले?" फॉर्मवरही तोच रकाना वर असतो. गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या काजूबागांत हंगामापुरते येणारे मजूर असतील, तर हाच प्रश्न आपल्याला भलत्या गावाला नेऊन सोडतो.

माझ्याकडून हे घडलंय. मार्चमधली गोष्ट. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली एक बाई, तीन दिवसांचा ताप, डोळे लालबुंद, कंबर धरून बसलेली. मी तिच्या गावाचं नाव लिहिलं, गोळ्या दिल्या आणि तिच्या गावाकडच्या उपकेंद्राला कळवलं. ती दीड महिना सीमेपलीकडच्या एका बागेत बोंडू (काजूची फळं) गोळा करत होती, हे मला आठवडाभरानं कळलं, तेही तिची जाऊ आजारी पडली म्हणून. दोघी एकाच मांगरात, म्हणजे बागेतल्या झोपडीत, राहत होत्या. त्या आठ दिवसांत त्या बागेत आणखी किती माणसं पाचोळ्यात बसून बिया वेगळ्या करत होती, याचा विचार मी आजही करते.

माकडताप हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूचा ताप. त्याचा विषाणू पहिल्यांदा सापडला १९५७ साली, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात. पुढे अनेक वर्षं तो त्याच भागातला आजार मानला जाई. मग तो पश्चिम घाटातून वर सरकत आला: २०१५ मध्ये सत्तरीत, २०१६ मध्ये दोडामार्गात. त्याच २०१६ मध्ये बेळगाव भागातून गोव्यात काजूच्या कामाला गेलेल्या मजुरांमध्येही तो आढळला. चावा एका राज्यातला, ताप दुसऱ्या राज्यात, आणि रक्ताचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. अशा वेळी घरच्या पत्त्यावरून काहीच हाती लागत नाही.

मग विचारायचं काय?

गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस लागतात. म्हणून ताप आला त्या दिवसापासून मागे दोन आठवडे मोजायचे आणि रोज कुठे होतात, हातानं काय काम केलंत, हे विचारायचं. तारखा कुणाला आठवत नाहीत. शिमगा, पाडवा, बाजाराचा दिवस, मुकादमानं पगार दिला तो दिवस, अशा खुणा धरून मागे गेलं की माणूस भराभर सांगतो. कामाचं नाव नेमकं लिहा. "शेतमजुरी" लिहून काही कळत नाही. बोंडू गोळा करणं, पाला झाडणं, जळण आणणं, गुरं चारणं, रात्री बागेत राखण, यातलं काय? पाचोळ्यात बसून केलेलं काम आणि रस्त्यावर केलेलं काम यात धोक्याचा मोठा फरक आहे.

मुकादमासमोर विचारणं

मुकादम उभा असेल तर अख्ख्या टोळीला एकदाही ताप आलेला नसतो. ताप म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे कापलेली मजुरी. शिवाय "हा आजारी पडतो" असं एकदा झालं की पुढच्या हंगामाला बोलावणं येईल की नाही, हीही धास्ती असते. सकाळी अकराला गाडी घेऊन बागेत जाऊ नका. संध्याकाळी, चूल पेटल्यावर जा, बाया-माणसांशी त्यांच्या मांगरापाशी बसून बोला.

आणि "ताप आला होता का?" याऐवजी "गेल्या पंधरा दिवसांत किती खाडे पडले?" असं विचारून बघा. खाडे प्रत्येकाला तोंडपाठ असतात, कारण तो पैशांचा हिशोब आहे. मग एकेका खाड्याचं कारण विचारत जायचं. "त्या दिवशी अंग इतकं मोडून आलं की उठताच येईना," हे वाक्य मला याच वाटेनं मिळालं आहे. मुकादमाची हजेरीवही मात्र मागू नका. त्यातून माहिती मिळेल, पण तुम्ही त्याच्या बाजूचे आहात असा मजुरांचा समज होईल.

आजाराचं नाव घेऊन विचारणं

"माकडताप झालाय का?" या प्रश्नाला घाबरलेला माणूस नाहीच म्हणणार. लक्षणं विचारा: अचानक चढलेला ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, पाय आणि कंबर भरून येणं, डोळे लाल, उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. कोकणातल्या बागांत राखणीला नेपाळी माणसं बरीच असतात. त्यांना मराठीतला "गोचीड" शब्द कळत नाही आणि लाजेखातर ते मान डोलावतात. त्यांच्यातलाच जाणता माणूस सोबत घ्या. शाळकरी पोराला दुभाषा करू नका. आईला रक्तस्राव होतोय का, हे मुलाच्या तोंडून विचारायचं नसतं.

शब्दांपेक्षा वस्तू बरी. मी पांढऱ्या कागदावर गोचिडीचं पिल्लू चिकटपट्टीखाली लावून नेते. ते मोहरीच्या दाण्याएवढंही नसतं. गुरांच्या अंगावरची फुगलेली गोचीड सगळ्यांनी पाहिलेली असते, म्हणून "गोचीड चावली का?" म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते आणि उत्तर "नाही" येतं. पिल्लाचा चावा बऱ्याचदा कळतच नाही. तेव्हा या "नाही"वर विसंबून संशयित रुग्ण यादीतून काढू नका.

आधी आधार कार्ड मागणं

कार्ड मागितलं की निम्मा मांगर रिकामा होतो. नेपाळी माणसाकडे ते असेलच असं नाही, आणि २०२० च्या टाळेबंदीत नाव लिहून घेणाऱ्यांनी पुढे काय केलं, हे मजूर विसरलेले नाहीत. आधी तब्येतीचं बोला, पाणी प्या, मग नाव विचारा. फोन नंबर दोन घ्या, एक त्याचा आणि एक गावाकडच्या घरचा. हंगाम संपला की बऱ्याच जणांचं सिम बदलतं.

मेलेल्या माकडाची चौकशी न करणं

बागेत किंवा रानात मेलेलं माकड दिसणं हा या आजाराचा फार महत्त्वाचा इशारा असतो, आणि ते सगळ्यात आधी दिसतं राखणदाराला. तो सांगत नाही, कारण माकड मारल्याचा आळ आपल्यावर येईल अशी भीती असते. "तुमचं नाव लागणार नाही, जागा तेवढी दाखवा" असं स्पष्ट सांगा आणि तो शब्द पाळा. हात लावू नका, पुरू नका, लगेच कळवा, हेही त्याच दमात सांगून ठेवा.

पाऊस सुरू झाल्यावर सर्वेक्षण

हा आजार साधारण डिसेंबर ते मे या काळातला. जूनमध्ये फॉर्म घेऊन गेलात तर बागेत कुणीच नसतं. हंगामाच्या सुरुवातीला टोळी उतरते, त्याच आठवड्यात पहिली भेट व्हायला हवी.

"बाहेरच्यांनी आणला"

हे वाक्य गावात कानावर आलं की तिथल्या तिथे खोडून काढा. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. मजूर निरोगी येतो आणि आपल्याच बागेतल्या पाचोळ्यात त्याला गोचीड चावते. गावानं बोट दाखवलं की ताप लपवला जातो. या आजारावर विषाणू मारणारं खास औषध नाही, वेळेत दाखल होऊन मिळणारी देखभाल हाच आधार आहे. त्यामुळे लपवलेला ताप जिवावर बेतू शकतो.

रक्त घेतलं, पुढे काही कळवलंच नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. आपण नमुना घेतो, ताप कुठल्या दिवशी आला ते लिहितो (ते लिहायलाच हवं, सुरुवातीच्या दिवसांत पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी चाचणी करतात, नंतर आयजीएम, म्हणजे शरीरानं त्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं बघतात), आणि अहवाल कार्यालयात येऊन पडतो. ज्याचं रक्त, त्याला पत्ता नसतो. "मागच्या साली बाटली भरून नेली, काय झालं त्याचं?" असं एका राखणदारानं मला विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी त्या बागेत एकानंही हात पुढे केला नाही.

निकाल काहीही असो, कळवा. निगेटिव्ह आला तरी कळवा. वाचता येत नसेल तर त्याच्या भाषेत व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. टोळीतल्या इतरांना मात्र निकाल सांगू नका, तो त्याचा आहे.

निकाल पॉझिटिव्ह असेल तर काम तिथे संपत नाही. ताप उतरून बरं वाटायला लागतं आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काही जणांना पुन्हा ताप येतो, भयंकर डोकं दुखतं, हात थरथरतात, भान राहत नाही. तोवर तो माणूस बहुधा गावी पोहोचलेला असतो. म्हणून निघताना त्याच्या हातात चिठ्ठी द्या: ताप कधी आला, तपासणी कुठली झाली, कुठल्या बागेत होता. त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला आधीच फोन करून ठेवा. आणि ताप आल्यापासून मोजून पंधराव्या आणि एकविसाव्या दिवशी, त्या दुसऱ्या, घरच्या नंबरवर फोन लावा.