वैनगंगेत डोंग्यातून पक्षी पाहताना

भंडारा-गोंदिया भागात वैनगंगेवरचे पक्षी काठापेक्षा डोंग्यातून जास्त जवळून दिसतात, कारण काठावर उभ्या माणसाला बिचकणारा पक्षी पाण्यावरून हळू सरकणाऱ्या डोंग्याला सहसा तितका भीत नाही. इंजिनाच्या नावेने हे साधत नाही. वल्ह्याचाच डोंगा घ्यावा आणि डोह, खडक व मासेमारीची जाळी ठाऊक असलेल्या स्थानिक ढिवरालाच (मासेमारी करणाऱ्या समाजातील माणसाला) तो चालवू द्यावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण तेव्हा पूर ओसरलेला असतो आणि चक्रवाकासारखे हिवाळी पाहुणे आलेले असतात. तांबडे फुटताच, वारा पडलेला असताना निघावे. आधी काठाकाठाने प्रवाहाविरुद्ध वर जावे आणि परतताना डोंगा धारेवर सोडून वल्हे केवळ दिशा देण्यापुरते वापरावे. सकाळी पूर्वेचा काठ धरला की ऊन पाठीशी राहते. डोंग्यात उभे राहू नये. तळाशी बसून कोपरे गुडघ्यांवर टेकवली, की ८×४२ची (आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण स्थिर राहते आणि हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबून सरळ पाण्यात सूर मारणारा कवड्या खंड्याही नीट टिपता येतो. पोहता येत असले तरी जीवरक्षक जाकीट घालावेच. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला जायचे असेल, तर पाणी सोडणार आहेत का याची चौकशी आधी करावी. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची परवानगी लागते.

मार्च ते मे या काळात वाळूच्या बेटांवर मात्र मुळीच उतरू नये. एकदा मी पाय मोकळे करायला उतरत असताना डोंगेवाल्या दादांनी दंड धरून मला थांबवले. माझ्या पावलापासून वीतभर अंतरावर वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची, नदीसुरय या पक्ष्याची दोन अंडी उघड्यावर होती. आपण रेंगाळलो की आई-बाप वर घिरट्या घालत राहतात आणि तेवढ्या वेळात उन्हाने अंडी भाजून निघतात. त्या दिवसापासून बेट दिसताच मी डोंगा दूरच्या काठाला घ्यायला सांगतो.

काठच्या धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी दिसली, तर अधिक जपावे, कारण महाराष्ट्रात सारस आता फार थोडे उरले आहेत आणि ते मुख्यतः याच पट्ट्यात आहेत. दोघांनी माना ताठ करून आपल्याकडे पाहिले की डोंगा आहे तिथेच थांबवावा आणि ते माना खाली घालून पुन्हा चरू लागेपर्यंत वल्हे उचलू नये.