जपानी संभाषणातील प्रगती स्वतः कशी तपासावी

जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा एन५ ते एन१ अशा पाच स्तरांवर होते. परंतु तिच्यात शब्दसंपदा, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते, बोलणे नाही. त्यामुळे घरी अभ्यास करणाऱ्याला आपल्याला बोलता किती येते, हे स्वतःच पडताळावे लागते.

त्यासाठी आठवड्यातील एका संभाषणाची १० मिनिटे, समोरच्याची परवानगी घेऊन, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन ऐकावीत. मराठीप्रमाणे जपानीतही क्रियापद शेवटी येत असल्याने वाक्यरचना आपल्याला लवकर साधते. अडते ते नामाला जोडल्या जाणाऱ्या 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांच्या निवडीपाशी आणि मोजणीच्या शब्दांपाशी. पेन्सिली मोजताना 'इप्पोन, निहोन, साम्बोन' असा उच्चार बदलत जातो आणि तक्ता तोंडपाठ असूनही बोलण्याच्या ओघात 'सानहोन' निघून जाते. अशी चूक तारखेसह नोंदवावी आणि पुढच्या संभाषणात तोच शब्द मुद्दाम वापरावा. सगळ्याच चुका एकदम धरू नयेत, दोन पुरेत.

दर तीन महिन्यांनी 'काल मी काय केले' या एकाच विषयावर दोन मिनिटे बोलावे आणि जुने ध्वनिमुद्रण लागोपाठ ऐकावे. 'एत्तो' (आपल्या 'अं...'सारखे) म्हणत घेतलेले थांबे कमी झाले का, हे तर पाहावेच. पण आपली चूक आपल्याच कानाला खटकून वाक्य तिथल्या तिथे सुधारलेले ऐकू आले, तर ती नोंद मी सर्वांत मोलाची मानतो.