गोऱ्ह्याची माय कोण?

पशुवैद्यकीची पदवी झाल्यावर मी एमव्हीएससीला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला, पशुआनुवंशिकी आणि प्रजनन हा विषय घेतला, तेव्हा आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात तो कोणालाच नीट कळला नाही. सुई नाही, ऑपरेशन नाही, मग ढोराच्या डॉक्टरनं करायचं तरी काय? आता नवी मुलंमुली मला हेच विचारतात, म्हणून लिहिते आहे.

पहिला धक्का पुस्तकातच बसतो. निवड पद्धतीची निम्मी उदाहरणं मांसाच्या गुरांची असतात: शॉर्टहॉर्न, हेरफर्ड, अँगस. आपल्या राज्यात 2015 पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. मग हे वाचून काय उपयोग, असं वाटून मी ती पानं भराभर उलटत असे. ती माझी मोठी चूक होती. दूध वळूत दिसत नाही. वजन मात्र नर आणि मादी दोघांचंही काट्यावर घेता येतं, तेही वर्षभराच्या आत. त्यामुळे निवडीनं पिढी कशी बदलते हे मांसाच्या गुरांत जितकं स्वच्छ दिसतं, तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

हेरिटॅबिलिटी, म्हणजे जनावरांमधल्या फरकाचा किती वाटा आनुवंशिक असतो ते, तिथेच समजली. वर्षाच्या वयाच्या वजनाची ती 0.4 च्या आसपास असते, गाभण राहण्याच्या क्षमतेची बहुधा 0.1 च्याही खाली. समजा कळपाचं सरासरी वजन 150 किलो आहे आणि निवडलेले आईबाप त्याहून 20 किलोंनी सरस आहेत. पुढच्या पिढीत 20 नाही, 8 किलोच वाढतात, कारण उरलेलं श्रेय चारा-पाण्याचं असतं. निवड फक्त वळूत केली तर 4 किलो. गुरांची एक पिढी साधारण पाच वर्षांची धरली, तर या कामाला किती धीर लागतो ते लक्षात येईल.

डोळ्यांवर भिस्त ठेवली की काय होतं, हे हेरफर्डनं दाखवलं. अमेरिकेत 1940 च्या दशकात प्रदर्शनांमध्ये आखूड पायांच्या, भरीव जनावरांना मान होता. त्यातल्या काहींत बुटकेपणाचा अप्रभावी जनुक (आईबाप दोघांकडून आला तरच बुटकेपणा आणणारा) लपलेला होता, आणि तो एकच असला तरी जनावर थोडं जास्तच गोटीबंद दिसे. लोक त्यालाच पसंत करत गेले. पुढे असा वळू आणि अशीच गाय एकत्र आली की सरासरी चारातलं एक वासरू बुटकं, धापा टाकणारं जन्माला येई. बेल्जियन ब्लू या मांसाच्या जातीचंही तसंच. स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातली डीएनएची 11 अक्षरं गळाल्यामुळे तिचे स्नायू प्रमाणाबाहेर फुगतात, हे 1997 मध्ये उलगडलं. पण त्याच निवडीपायी त्या गायींची बाळंतपणं सर्रास सिझेरियननं करावी लागतात. एक गुण ओढला की त्याच्या मागे काय काय ओढलं जातं, ते आधी बघा.

ही गोष्ट माझ्या अंगाला भिडली ती मात्र गावातच. प्रबंधासाठी आमच्याकडच्या गवळाऊ या देशी जातीच्या वासरांची मापं घेत फिरत होते. काटा नव्हता, टेप होता. छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करून अंगाच्या लांबीनं गुणायचं आणि 300 नं भागायचं. वजन पौंडात मिळतं. एका काकाजींच्या कोठ्यात एकाच वळूचे, जवळपास एकाच वयाचे दोन गोऱ्हे होते. पहिल्याचा घेर 52, लांबी 45, म्हणजे सुमारे 184 किलो. दुसऱ्याचा घेर 48, लांबी 43, सुमारे 150 किलो. मी आकडे लिहीत होते, तेवढ्यात काकाजी म्हणाले, "हा मोठा बैल चांगला निंघते. पोळ्याच्या आंधी खच्ची करतो. लहान्याले देतो सोडून गावात."

टेप हातातच राहिला. आमच्याकडे निवड होत नाही असं मी समजत होते. ती दरवर्षी होते, पण उलटी: सरस गोऱ्हा बैल होतो, त्याचा वंश तिथेच थांबतो, आणि गावातल्या गायी उरलेल्यापासून फळतात. शिवाय तो मोकाट वळू तीन-चार वर्षं टिकला की त्याच्याच कालवडी माजावर येतात. बाप-लेकीच्या संकरातल्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता, 25 टक्के होतो. अठराव्या शतकात इंग्लंडच्या बेकवेल या पशुपैदासकारानंही जवळच्या नात्यातच संकर केले. पण तो संतती पारखून नको ती बाजूला काढत असे.

निघताना काकाजींनी विचारलं, "पोरी, या मोठ्याची माय तिसऱ्या वितात लवकर आटली व्हती. हे लिवलं काय तू?"

माझ्या तक्त्यात आईचा रकानाच नव्हता. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडीची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत लिहितात, पण त्या गोऱ्ह्यांच्या आईबापांची नोंद कोणाच्याच वहीत मला सापडली नाही. वंशावळ लोकांच्या तोंडी असते आणि त्यांच्यासोबतच जाते. म्हणून नव्यांना माझं सांगणं आहे की संगणक उघडण्याआधी एक वही करा: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आई, बाप, जन्मतारीख, जन्माचं वजन, सहा महिन्यांचं, वर्षाचं. म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि समोर बसून लिहा. बाप चुकीचा लिहिला तर पुढचं सगळं गणित फुकट जातं, मग जीनोमिक (डीएनएची) चाचणी असो की बीएलयूपी, म्हणजे नातेवाइकांच्या नोंदींवरून जनावराची आनुवंशिक किंमत काढायची पद्धत.

बाकीची वाट सरळ आहे. बारावीला बायोलॉजी, ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची पदवी, मग दोन वर्षं एमव्हीएससी. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून आहे, अकोल्यालाही पदव्युत्तर संस्था आहे. संख्याशास्त्राला घाबरू नका. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा पदवीतच शिकून घ्या, नंतर वेळ मिळत नाही. पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं. कृत्रिम रेतनासाठीच्या वीर्यकांड्यांच्या प्रयोगशाळा आणि देशी जनावरांवर काम करणाऱ्या संस्था आहेत, संशोधनासाठी कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे. गवळाऊची पैदास बघायची तर कारंजा घाडगेजवळच्या हेटीकुंडीला एकदा जाऊनच या.

त्या वर्षी काकाजींनी मोठ्याचं खच्चीकरण एक हंगाम पुढे ढकललं. लवकर आटली होती म्हणून त्याची आई आम्ही पुन्हा पुन्हा तपासली. तिच्या दोन बहिणी मात्र भरपूर दूध देत होत्या, म्हणून धोका पत्करला. नात्यात नसलेल्या चार गायी त्याच्याकडून फळल्या. पहिली व्याली तेव्हा मी स्प्रिंगचा काटा घेऊन पोचले. वासरू पोत्याच्या झोळीत धडपडत होतं, काकाजी झोळी धरून उभे होते. नर, 21 किलो. आईचा रकाना त्यांनी सांगितला, तिच्या आईसकट.