सासूबाईंना उठवताना आपली हाडं कशी जपायची

माझं वय 63, सासूबाईंचं 88. त्या बहुतेक वेळ कॉटवरच असतात. डॉक्टर, नातेवाईक, शेजारी, सगळे त्यांच्या हाडांची चौकशी करतात. पण त्यांना उठवणाऱ्या बाईचीही साठी उलटलेली असते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात आणि पुढेही झिजत राहतात. म्हणून हे लिहितेय, माझ्यासारख्या सुनांसाठी आणि लेकींसाठी.

सगळ्यात जास्त धोका उचलण्यात आहे. कमरेत वाकून आणि वळून वजन ओढलं की ठिसूळ मणका दबू शकतो. त्यामुळे आधी उचलायची रीत बदला. त्यांना उताणं असताना सरळ वर ओढू नका. आधी कुशीवर वळवा, गुडघे दुमडा, पाय कॉटवरून खाली सोडा, मग एक हात खांद्यामागे आणि दुसरा मांड्यांच्या बाहेरून धरून बसतं करा. त्यांना जमेल तेवढा कोपराचा जोर लावू द्या. बसल्यावर मिनिटभर थांबा, एकदम उभं केलं की चक्कर येते.

उभं करताना त्यांचे तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. आपले पाय फाकवलेले, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. "आई, तीन म्हटलं की पुढे झुकून उठायचं हं," असं सांगून मोजा. त्या घाबरून गळ्यात हात टाकतात. ते टाळा, त्यांना तुमच्या दंडाला किंवा वॉकरला धरू द्या. खुर्चीकडे वळताना पावलं टाकत वळा, कंबर पिळू नका. कॉटवर वर सरकवायचं असेल तर जुनं नऊवारी चौपदरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत खाली घाला आणि दोघांनी दोन्हीकडून धरून सरकवा. हे एकटीने करू नका. मुलाला, नवऱ्याला हाक मारा, त्यात संकोच कसला?

गादी जमिनीवर असेल तर ती आजच कॉटवर न्या. उंची एवढीच, की काठावर बसल्यावर त्यांचे पाय टेकतील. न्हाणीत भिंतीला पक्की दांडी बसवून घ्या, ओली फरशी लगेच पुसा, सुटी पायपुसणी काढून टाका. रात्री घाईने उठून आपणच घसरतो, म्हणून वाटेत एक छोटा दिवा असू द्या.

आता आपलं ताट. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला साधारण 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 असतं, म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पावणेदोनशे. पेलाभर दुधात सव्वादोनशेच्या आसपास. चटणीतले तीळ, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्लेली छोटी सुकी मासळी, सगळं कामाचं. पालकात कॅल्शियम असतं, पण ते अंगाला फारसं लागत नाही. दूध सगळ्यांना वाटून उरलं तरच आपण घ्यायचं, ही सवय मला फार खटकते. आपला पेला आधी बाजूला काढा. उसळ, डाळ, अंडीही हवीत, नुसत्या कॅल्शियमवर हाड टिकत नाही.

कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्या. थायरॉइडची गोळी घेत असाल तर दोन्हींत 4 तासांचं अंतर ठेवा. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी डॉक्टर सांगतील त्या अंतरानेच घ्या, जास्त झाली तर बाधते. ऊन खिडकीच्या काचेतून घेऊन चालत नाही. हातपाय उघडे ठेवून गच्चीवर थोडा वेळ बसा, तेही दुपारच्या सुमारास. कपडे वाळत घालायचं काम त्याच वेळी उरका.

स्वयंपाक करताना ओट्याला धरून टाचा उचला. खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा. हाडं ठिसूळ असल्याचं कळलं असेल तर पुढे वाकायची आसनं फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नका.

पासष्टी गाठली असेल तर डेक्सा तपासणी, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, करून घ्या. आपल्या सख्ख्या आईचं खुब्याचं हाड मोडलं असेल किंवा बरेच महिने स्टेरॉइड घेतले असतील तर त्याआधीच डॉक्टरांना विचारा. त्या तपासणीतला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता किती ते सांगणारा आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली आला तर औषधाबद्दल बोला. उंची कमी झाल्यासारखी वाटली, किंवा कुणाला उचलल्यावर पाठीत अचानक कळ आली आणि ती जाईना, तर तेल चोळत बसू नका. त्याच आठवड्यात पाठीचा एक्स-रे काढून घ्या, आणि तोवर उचलायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या.