पाड्यावर एसटी सुरू करून घेताना

सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एखाद्या पाड्यावर एसटी येत नसेल, तर आधी ग्रामसभेत ठराव करावा आणि त्याची प्रत अर्जासोबत जवळच्या आगार व्यवस्थापकांकडे व नाशिकच्या विभाग नियंत्रकांकडे देऊन पोच घ्यावी. नुसती ‘गाडी हवी’ अशी मागणी फाईलमध्येच पडून राहते; म्हणून शाळेची मुले, बाजाराला जाणाऱ्या बाया आणि दवाखान्याचे रुग्ण कोणत्या वारी, किती वाजता निघतात, हे आठवडाभर फाट्यावर उभे राहून वहीत टिपावे. या नोंदीत सवलतीचे प्रवासीही अवश्य धरावेत, कारण १७ मार्च २०२३ पासून महिलांना मिळणारी अर्ध्या भाड्याची सवलत असो वा ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा मोफत प्रवास, त्याची प्रतिपूर्ती शासन महामंडळाला करते.

रस्त्याची पाहणी मात्र आपणच आधी करावी. खचलेली मोरी, टपावर घासणाऱ्या फांद्या आणि शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायला अपुरी जागा, यांपैकी एकही गोष्ट अर्ज मागे पडायला पुरते.

मागायचीच तर मुक्कामी गाडी मागावी, कारण सकाळी तालुक्याला वेळेत पोहोचवणारी तीच असते. त्यासाठी चालक-वाहकांना झोपायला कोरडी खोली, पाणी आणि शौचालय यांची सोय ग्रामपंचायतीने ठरावातच लिहून द्यावी. गाडी सुरू झाल्यावर पहिले काही महिने जीपचा मोह आवरून तिकीट काढावे, कारण उत्पन्न घटले की पहिली गदा अशाच फेरीवर येते.