विणकामातल्या या चुका टाळा, आणि झाल्याच तर सगळं उसवण्याआधी हे वाचा

थंडी पडली की सुया बाहेर निघतात आणि महिन्याभरात अर्धा विणलेला मफलर पिशवीत जाऊन पडतो. दोष बहुतेक वेळा आळसाला दिला जातो, पण पिशवी उघडून पाहिलं तर मफलर खाली वीस सेंटिमीटर रुंद असतो आणि वर सव्वीस. मधे एक भोक असतं, ते कुठून आलं कळत नाही. एवढं सगळं उसवायचा धीर कुणाला होणार?

विणायला शिकवणारे टाका कसा घालायचा ते शिकवतात, विणलेलं वाचायचं कसं ते फारसं कुणी सांगत नाही. खरं तर बहुतेक चुका एक-दोन ओळींत डोळ्यांना दिसतात आणि तिथल्या तिथे दुरुस्त होतात. पंधरा ओळी पुढे गेल्यावरही सगळं उसवावं लागतंच असं नाही.

लोकर निवडतानाच होणारी चूक

पहिल्याच कामासाठी काळी, केसाळ, मऊमऊ लोकर घेणं ही सर्वांत आवडती चूक. दिसायला सुंदर, पण तिच्यात टाका दिसत नाही. आणि जो दिसत नाही तो मोजता येत नाही, सुटला तर उचलताही येत नाही. फिक्या रंगाची, गुळगुळीत, घट्ट पिळाची लोकर घ्या. पिळ सैल असेल तर सुईचं टोक धाग्याच्या मधोमध घुसतं आणि अर्धाच टाका विणला जातो.

जाडीचाही विचार करा. डीके, म्हणजे मध्यम जाडीच्या लोकरीत 10 सेंटिमीटरला साधारण 22 टाके आणि 30 ओळी येतात. 20 सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब मफलर म्हणजे 44 टाके आणि 450 ओळी, एकूण जवळपास वीस हजार टाके. मिनिटाला 15 टाक्यांच्या वेगाने हे 22 तासांचं काम झालं. तोच मफलर जाड लोकरीत, 14 टाके आणि 20 ओळी धरून केला, तर 8,400 टाक्यांत होतो, म्हणजे साडेनऊ तासांच्या आत. हे गणित आधी केलं तर मफलर याच हिवाळ्यात गळ्यात पडतो.

खरेदी मात्र वजनावर करू नका, लेबलवरचे मीटर पाहा. अ‍ॅक्रिलिक हलकं असतं, सूत जड असतं. दोन्हींचे 100 ग्रॅम घेतले तर जाडी सारखी असूनही लांबी वेगळी भरते. आणि रंगाच्या क्रमांकाशेजारी रंगाईच्या घाण्याचा, म्हणजे लॉटचा क्रमांक असतो, तो सगळ्या गुंड्यांवर एकच हवा. नसेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर दोन्ही गुंडे आळीपाळीने दोन-दोन ओळी विणत न्या. फरक विरून जातो. एक गुंडा संपवून दुसरा लावला तर स्वेटरच्या पोटावर सरळ रेघ उमटते.

8 नंबरची सुई, पण कुठल्या 8 नंबरची?

जुन्या ब्रिटिश क्रमांकात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25. अमेरिकी क्रमांक नेमका उलटा चालतो, तिथली 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची असते. नमुना एकीकडचा आणि सुई दुसरीकडची असली की लहान मुलाचा स्वेटर त्याच्या बापाला येतो. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर पाहा.

मिलिमीटर बरोबर असले तरी प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी घट्ट विणतं, कुणी सैल. नमुन्यात 10 सेंटिमीटरला 22 टाके सांगितलेत आणि तुमचे 20 येतायत, हा फरक किरकोळ वाटतो. पण 220 टाक्यांचा स्वेटर 100 सेंटिमीटरऐवजी 110 चा होईल. यासाठी आधी एक तुकडा विणून बघायचा असतो, आणि तो बहुतेक जण टाळतात किंवा चुकीचा विणतात. तुकडा निदान 15 सेंटिमीटरचा करा, पुढे वस्तू जशी धुणार तसाच धुवा, वाळवा आणि मग मधल्या भागात मोजा. कडेचे टाके नेहमीच फसवतात. टाके कमी आले तर सुई बारीक घ्या, जास्त आले तर जाड. हात मुद्दाम घट्ट किंवा सैल करून विणू नका, दहा ओळींत तो मूळ स्वभावावर येतो.

मफलर आणि गोधडीसाठी हा खटाटोप केला नाही तरी चालतं. टोपी, मोजे, स्वेटर यांना मात्र माफी नाही.

टाके आपोआप का वाढतात?

40 टाके घातले होते, 47 झाले. नवशिक्यांची ही तक्रार कायमची, आणि तिची कारणं बहुधा दोनच.

पहिलं कारण ओळीच्या सुरुवातीला. काम उलटून हातात घेतल्यावर धागा सुईवरून मागे गेला, तर खालचा टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सुईवर दोन टाके असल्यासारखे दिसतात. दोन दिसले म्हणून दोन विणले, की झाला एक जास्त. ओळ सुरू करताना धागा आधी खाली ओढा, मगच सुईच्या खालून मागे न्या.

दुसरं कारण सुलटनंतर उलट टाका घेताना. धागा पुढे आणायचा तो दोन सुयांच्या मधून. तो सुईवरून आला की एक फुकटचा वेढा बसतो, पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि त्याच्याखाली भोक पडतं. जाळीच्या विणीत हे भोक मुद्दाम पाडतात. इथे ते आगंतुक असतं. ओळखायची खूण सोपी: खऱ्या टाक्याच्या खाली टाक्यांचा स्तंभ असतो, या वेढ्याच्या खाली काहीच नसतं, तो नुसता तिरका पडलेला धागा असतो. पुढच्या ओळीत दिसला तर सुईवरून सरळ सोडून द्या. थोडी ढील राहील, ती आजूबाजूच्या टाक्यांत जिरते.

खूप पुढे गेल्यावर कळलं तर निर्णय तुमचा. एखादा टाका जास्त असेल तर कडेला दोन टाके एकत्र विणा आणि पुढे चला. सात असतील तर उसवणंच बरं. तोपर्यंत वेळ येऊ नये म्हणून दर चार ओळींनी टाके मोजा. दर दहा टाक्यांवर दोऱ्याचं छोटं कडं सुईत अडकवून ठेवलं तर मोजणी क्षणात होते.

सुटलेला टाका

टाका सुटला की पहिली प्रतिक्रिया काम झटकून पाहण्याची असते. तसं अजिबात करू नका, कारण ताणामुळेच तो खाली धावतो. हातात मिळेल ती सेफ्टी पिन त्यात अडकवा. मग शांतपणे क्रोशाची सुई घ्या.

सुटलेल्या टाक्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसेल. कामाची सुलट बाजू समोर धरा, क्रोशाची सुई पुढून टाक्यात घाला, सर्वांत खालची पायरी पकडून टाक्यातून ओढा, मग तिच्यावरची. शेवटची पायरी झाली की टाका सुईवर चढवा. पायऱ्यांचा क्रम चुकला तर मागे एक लोंबता धागा राहतो, म्हणून वर जाण्याआधी मागची बाजू एकदा पाहा. उलट टाका असेल तर काम फिरवून हेच करा.

हेच तंत्र उलटं वापरता येतं, आणि ते ज्यांना जमलं त्यांची उसवण्याची भीती संपली म्हणून समजा. दहा ओळी खाली सुलटच्या जागी एक उलट पडलाय? वरचा तो एकच टाका मुद्दाम सोडा, चुकीपर्यंत खाली उतरू द्या आणि क्रोशाने नीट विणत वर आणा. बाकीच्या टाक्यांना हातही लागत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. टाका सुटल्यावर बऱ्याच ओळी विणून झाल्या असतील तर त्या ओळी एक टाका कमी धरून विणल्या गेलेल्या असतात. शिडी बांधायला तिथे शिल्लक धागाच नसतो. जबरदस्तीने वर आणलात तर तो भाग चिमटला जातो. अशा वेळी सुटलेला टाका मागच्या बाजूला त्याच लोकरीच्या तुकड्याने टाचून टाका आणि सुईवर एक टाका वाढवा. समोरून सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

उसवायचंच असेल तर आधी चुकीच्या खालच्या ओळीतून एक बारीक सुई ओवून घ्या, प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईवर येईल अशी. मग बिनधास्त ओढा, धागा त्या सुईपाशी येऊन थांबेल. नंतर टाके तपासा. सुईवर टाक्याचा उजवा पाय पुढे हवा. मागे असेल आणि तुम्ही नेहमीसारखाच विणलात तर टाका पिळतो, त्याचे पाय तळाशी एकमेकांवर चढतात. असा टाका मागच्या पायातून विणा, सरळ होतो. सगळ्याच ओळींत टाके पिळलेले दिसत असतील तर उलट टाक्याला धागा कोणत्या दिशेने गुंडाळताय ते पाहा. बहुधा तो उलट्या बाजूने फिरत असतो.

कड गुंडाळते, टोपी डोक्यात जात नाही

एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण कडेने गुंडाळतेच. डाव्या-उजव्या कडा मागे वळतात, खालची-वरची कड पुढे. हा तुमचा दोष नाही, विणीची रचनाच तशी आहे, आणि इस्त्रीने तो जात नाही. म्हणून या विणीचा सपाट मफलर करूच नये. केलाच असेल तर लांबीच्या कडा एकत्र शिवून नळी करा. दुप्पट उबदार होतो. नव्याने करताना चारही बाजूंना पाच-सहा टाके-ओळींची किनार दोन्ही बाजूंनी सुलट विणा.

ओळी आलटून-पालटून घट्ट-सैल दिसतात? बहुतेकांचा उलट टाका सैल पडतो. उलट ओळीसाठी अर्ध्या मिलिमीटरने बारीक सुई वापरा.

टोपीचं दुखणं दोन ठिकाणी असतं: घातलेले किंवा बंद केलेले टाके घट्ट, आणि माप चुकीचं. टाके घालताना एक नंबर जाड सुई घ्या. कडेला टाके बंद करताना दोन टाके मागच्या पायांतून एकत्र सुलट विणा, आलेला टाका डाव्या सुईवर परत घ्या, पुन्हा दोन एकत्र. ही कड छान ताणते. मापाला टोपी डोक्याच्या घेरापेक्षा चार-पाच सेंटिमीटर लहानच हवी. डोकं 56 आणि टोपीही 56 केली की ती डोळ्यांवर येते. गोल सुईवर विणताना पहिली फेरी जोडण्याआधी टाक्यांची खालची कड पूर्ण घेरात आतल्या बाजूला आहे ना, ते बघा. पीळ राहिला तर दोन फेऱ्यांनंतर उसवण्याशिवाय उपाय नाही.

घरासाठी छोट्या वस्तू

उरलेल्या लोकरीच्या चौकटी जोडून पांघरूण करताना सगळ्यांना सारखे टाके घेतले जातात. लोकरीची जाडी वेगळी, म्हणून चौकटीही लहान-मोठ्या होतात. त्यापेक्षा कोपऱ्यापासून सुरुवात करा: तीन टाके, दर ओळीला सुरुवातीला एक वाढवत जा, बाजू हवी तितक्या सेंटिमीटरची झाली की तसेच कमी करत या. जाडी कुठलीही असो, चौकट मापात येते.

गरम भांडी धरायचे रुमाल अ‍ॅक्रिलिकचे करू नका. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिएस्टर उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात. सूत किंवा खरी लोकर घ्या, तीही दुहेरी. गरम पाण्याच्या पिशवीच्या कव्हराला अ‍ॅक्रिलिक चालतं.

दाराखालच्या फटीसाठी लांब गुंडाळी करताना विणलेल्या नळीत थेट भरण टाकू नका, वीण ताणून ते बाहेर डोकावतं. आत कापडी पिशवी हवी. धान्य भरलं तर ओल धरतं, किडे होतात. जुन्या कपड्यांच्या चिंध्या उत्तम, वजनाला वाळूची एक बंद पुरचुंडी. आणि ज्या खोलीत कोळसा, लाकूड किंवा गॅस जाळून ऊब घेतली जाते, तिथे हा प्रयोग करूच नका. हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतच माणूस जातो.

शेवटच्या टप्प्यावरची नासाडी

दोन महिन्यांचं काम दहा मिनिटांत घालवायची जागा म्हणजे धुणं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून घट्ट नमदा होतो. तो परत मोकळा होत नाही. गार पाण्यात भिजवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आडवा पसरून मापात वाळवा. दोरीवर टांगलात तर पाण्याच्या वजनाने लांबेल. अ‍ॅक्रिलिक आटत नाही, पण गरम इस्त्री किंवा वाफ लागली की त्याची लवचीकता कायमची जाते आणि ते लुळं पडतं.

हिवाळा सरला की खऱ्या लोकरीचे कपडे न धुता ठेवू नका. कसर लागते ती घाम आणि खरकट्याचे डाग असलेल्या जागी आधी. धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवा, आणि त्याच पिशवीत उरलेल्या लोकरीचा एक छोटा गुंडा लेबलसकट टाका. कोपर विरलं किंवा बोटाशी मोजा फाटला, तर त्याच रंगाचा धागा हाताशी असेल.